सांगली-साताऱ्याकडे नवं घर बांधताय? स्मार्ट होमची तयारी गिलाव्याआधी करून घ्या

नव्या घरात स्मार्ट होम करायचं ठरलं की आपण मोबाइलवर दिवे, कुलपं आणि कॅमेरे बघायला लागतो. ती खरेदी वर्षभरानं केली तरी काही बिघडत नाही. पण प्रत्येक बोर्डात न्यूट्रल (वीज परत जायची तार) आली का, गेटपर्यंत रिकामा पाइप गेला का, बोर्डाचा डबा पुरेसा खोल आहे का, हे गिलावा व्हायच्या आधीच ठरतं. एकदा पुट्टी आणि रंग झाला की परत झिरी मारायला कुणाचंही मन होत नाही.

आम्ही सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला घर बांधलं आणि त्यानंतर साताऱ्यात गोडोलीकडे मेव्हण्याचं घर उभं राहताना मी बरोबर होतो. दोन्हीकडे आर्किटेक्ट, वायरमन आणि इंटरनेटवाला यांना जे जे समजावून सांगावं लागलं, ते इथं कामाच्या क्रमानं देतो. लेख प्लॉटवर स्वतंत्र घर बांधणाऱ्यांसाठी आहे. फ्लॅट घेत असाल तर पायरी ३ आणि ४ बिल्डरकडून करून घ्या, तेवढंही पुष्कळ झालं.

१. घरातल्यांना रोज काय खटकतं ते लिहून काढा

बहुतेक घरांत उत्तरं सारखीच येतात. टाकी भरून पाणी वाहत राहतं. गिझर चालू राहतो. रात्री जिन्यातला दिवा बंद करायला खाली यावं लागतं. गेटवर कोण आलंय ते वरच्या मजल्यावर कळत नाही. गावाला गेलं की घराची काळजी लागते. या तक्रारी ज्या उपकरणांनी सुटतात ती आधी घ्या. रंगीत दिवे आणि मोटरवर चालणारे पडदे या यादीत सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी पॉइंट काढून ठेवा आणि खरेदीचं नंतर बघा.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी घालून घ्या आणि सगळ्यांना तोच सांगा: घरातली प्रत्येक गोष्ट साध्या बटणानं चाललीच पाहिजे. इंटरनेट बंद असताना आईला दिवा लावण्यासाठी कुणाला हाक मारावी लागता कामा नये. या नियमानं बरेच प्रश्न जागेवर सुटतात. उदाहरणार्थ, स्मार्ट बल्ब घ्यावा की स्मार्ट स्विच? बल्ब घेतला आणि कुणी सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं, तर बल्बची वीजच तुटते आणि मग मोबाइलवरून तो लागत नाही. बटणामागे बसणारं छोटं स्मार्ट यंत्र, म्हणजे मॉड्यूल, घेतलं तर बटणही चालतं आणि मोबाइलही. म्हणून कायमच्या दिव्यांना स्विचच घ्या.

२. स्लॅब ओतायच्या आधी रिकामे पाइप टाकून घ्या

सेंट्रिंग होऊन सळई बांधली की वायरमन पाइप आणि फॅन बॉक्स टाकतो. त्या दिवशी साइटवर स्वतः हजर राहा. त्याच्या नेहमीच्या पाइपांशिवाय खालचे पाइप जास्तीचे सांगा. सगळे २५ मिमीचे आणि जाड गेजचे घ्या. पाइपाचा खर्च घराच्या एकूण खर्चात कुठेही दिसत नाही.

- गेटच्या खांबापासून घरातल्या मुख्य कपाटापर्यंत दोन: एक विजेचा, एक डेटाचा. डोअरफोन, कॅमेरा आणि पुढेमागे गेटची मोटर यांसाठी. हे जमिनीतून जातात, म्हणून पेव्हिंग ब्लॉक बसायच्या आधी.
- गच्चीपासून मीटर आणि डीबीच्या (घरभर वीज वाटणारी पेटी) जागेपर्यंत दोन, सोलरसाठी.
- वरच्या टाकीपासून खालच्या हौदापर्यंत एक.
- प्रत्येक मजल्याच्या साधारण मधोमध, छताला एक, वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी (त्या मजल्यावर वाय-फाय पसरवणारं यंत्र).
- घराच्या बाहेरच्या कोपऱ्यांना छज्ज्याखाली एकेक, कॅमेऱ्यांसाठी.
- रस्त्यावरचा खांब ज्या बाजूला आहे तिथून आत एक, इंटरनेटच्या फायबरसाठी. हा नसेल तर पुढे खिडकीच्या चौकटीला भोक पाडून केबल आत घेतली जाते.

प्रत्येक रिकाम्या पाइपात ओढायची तार किंवा नायलॉनची दोरी आधीच घालून ठेवा आणि दोन्ही तोंडं टेपनं बंद करा. काटकोनी एल्बो लावू देऊ नका, मोठ्या वळणाचे बेंड लावायला सांगा. एल्बोतून केबल अडकते. डेटाचा पाइप आणि विजेचा पाइप शेजारी शेजारी लांबवर नेऊ नका, फूटभर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडू द्या.

काँक्रीट ओतताना गवंडी आणि मजूर पाइपांवरूनच ये-जा करतात. एखादा पाइप दबतो किंवा सांध्यातून निघतो. सेंट्रिंग काढलं की त्याच आठवड्यात प्रत्येक पाइपातली तार हलवून बघा. तार अडली तर तेव्हाच दुसरा मार्ग काढता येतो.

३. वायरिंग: प्रत्येक डब्यात न्यूट्रल

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आपल्याकडे दिव्याच्या बटणापर्यंत फेज (वीज आणणारी तार) येते, बटणातून दिव्याकडे जाते आणि न्यूट्रल थेट दिव्यालाच नेतात. साध्या बटणाचं त्यावाचून काही अडत नाही. स्मार्ट मॉड्यूलचं अडतं, कारण दिवा बंद असतानाही मॉड्यूल जागं राहावं लागतं आणि त्यासाठी त्याला स्वतःला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. ज्या बोर्डात प्लग आहे तिथं न्यूट्रल असतेच. नसते ती नुसत्या बटणांच्या बोर्डात: जिन्याचे टू-वे, बाथरूमबाहेरचे, पलंगाशेजारचे, व्हरांड्यातले. आणि आपल्याला स्मार्ट करायचे असतात ते नेमके हेच. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच बाजारात मिळतात, पण कमी वॉटच्या एलईडीवर ते लावले की दिवा बंद केल्यावरही मंद जळतो किंवा लुकलुकतो.

वायरमनला सांगायचं वाक्य साधं आहे: "दादा, प्रत्येक डब्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, जिन्यातसुद्धा." तो म्हणेल की गरज नाही, वायर वाया जाईल. जास्तीच्या वायरचे पैसे वेगळे देतो म्हणून सांगा आणि कोटेशनवर लिहून घ्या.

याच कामात एक मोठा सापळा आहे. एखाद्या डब्यात न्यूट्रल राहून गेली की शेजारच्या बोर्डातून ओढून देतात. ती न्यूट्रल दुसऱ्या सर्किटची असेल तर आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत राहतो. इन्व्हर्टरची न्यूट्रल आणि मेनची न्यूट्रल अशीच एकमेकांत मिसळली तर लाईट गेल्यावर विचित्र बिघाड सुरू होतात आणि ते शोधायला भिंती उघडायची वेळ येते. ज्या सर्किटची फेज, त्याच सर्किटची न्यूट्रल. रंगही ठरलेले ठेवा: न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. वायरचं बंडल संपलं म्हणून मध्येच दुसरा रंग वापरू देऊ नका.

डबे निदान ५० मिमी खोल घ्या. मॉड्यूल बटणाच्या मागे बसतं आणि उथळ डब्यात वायरा कोंबल्या की प्लेट बसत नाही, आतली उष्णताही वाढते. सहा बटणांची जागा लागत असेल तिथं आठचा डबा घ्या, उरलेल्या जागेला कोरी पट्टी लावता येते.

गिझर आणि एसीला डीबीपासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिमीची. ३ किलोवॅटचा गिझर साधारण १३ अँपिअर घेतो. त्यावर १० अँपिअरचा स्मार्ट प्लग लावला की तो तापून वितळतो. १६ अँपिअरचं, मोठ्या लोडसाठी असलेलं मॉड्यूलच घ्या.

पंख्यांचं वेगळं आहे. बीएलडीसी पंखे घेणार असाल (साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, हे ३०च्या आसपास), तर त्यांच्या लाइनवर रेग्युलेटर नको, स्मार्ट रेग्युलेटरही नको. त्यांचा वेग पंख्यातल्याच सर्किटवर ठरतो. भिंतीवर नुसतं बटण ठेवा.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. खडूनं भिंतीवर खोलीचं नाव आणि दिशा लिहा, कोपऱ्यापासून पाइपापर्यंत मेजर टेप लावून धरा आणि टेपवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून फोटो घ्या. दुसरा फोटो पूर्ण भिंतीचा. पुढे टीव्हीचं स्टँड किंवा किचनची कपाटं बसवायला माणूस ड्रिल घेऊन येतो तेव्हा हेच फोटो उपयोगी पडतात.

४. इंटरनेट: राउटर देवघरामागच्या कोपऱ्यात नको

इंटरनेटवाला केबल जिथून आत येईल तिथंच राउटर ठोकून जातो, म्हणून जागा तुम्हीच आधी ठरवा. हवा खेळती असलेलं एक कपाट किंवा कोनाडा निवडा, शक्यतो पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर नको. तिथं तीन-चार प्लग, इन्व्हर्टरची लाइन आणि सगळ्या डेटा पाइपांची तोंडं एकत्र आणा.

तिथून प्रत्येक मजल्याच्या छताला, टीव्हीमागे, अभ्यासाच्या टेबलाजवळ आणि कॅमेऱ्यांना कॅट-६ केबल ओढा. तांब्याचीच घ्या, स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. एका केबलची मर्यादा १०० मीटर असते, बंगल्यात तेवढी लागत नाही. याच केबलमधून कॅमेऱ्याला आणि ॲक्सेस पॉइंटला वीजही देता येते, त्यामुळे छज्ज्याखाली वेगळा प्लग लागत नाही.

बहुतेक स्मार्ट उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. नवे राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली दाखवतात आणि जोडणी करताना घोळ होतो. दोन नावं वेगळी करता येतात का ते विचारूनच राउटर घ्या. साताऱ्याच्या जुन्या पेठेत वाड्याच्या काळ्या दगडाच्या भिंती ठेवून पुढे बांधकाम करणाऱ्यांनी प्रत्येक खोलीत केबल नेलेली बरी. त्या भिंतीतून वाय-फाय जवळजवळ जात नाही.

५. महापूर, वळीव आणि लाईट जाणं

परदेशी व्हिडिओ बघून आराखडा केला तर हा भाग त्यात येतच नाही. आपल्याकडे तो आधी बघावा लागतो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ला पुन्हा पूर आला. सांगलीवाडी, गावभाग, शामरावनगर किंवा कर्नाळ रोडच्या बाजूला प्लॉट असेल तर २०१९ला पाणी नेमकं कुठवर होतं ते शेजाऱ्यांना विचारून घ्या आणि आर्किटेक्टला ती उंची नकाशावर आखायला लावा. मग:

डीबी, इन्व्हर्टर, बॅटरी, राउटर आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डर वरच्या मजल्यावर. तळमजल्याची सगळी सर्किटं वेगळ्या आयसोलेटरवर, म्हणजे पाणी चढायला लागलं की खालची वीज पूर्ण तोडून वरची चालू ठेवता येते. तळमजल्याच्या वायरा छतातून खाली उतरवा, फरशीतून आणू नका. घर सोडून जाताना मात्र मेनच बंद करायचा, मोबाइलवरून घर बघत बसायचं नाही. त्या भागाचा पुरवठा महावितरण सुरक्षेसाठी तोडतं आणि बॅटरी काही तासांतच संपते.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजा दोन्ही जिल्ह्यांत उपकरणं जाळतात. डीबीत सर्ज प्रोटेक्टर (अचानक आलेला जादा दाब अर्थिंगमध्ये सोडणारं यंत्र) बसवून घ्या. त्याचा उपयोग अर्थिंग चांगलं असेल तरच होतो, म्हणून अर्थिंगचा खड्डा नीट भरून घ्या आणि रेझिस्टन्स मोजून कागदावर घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तो घरातल्या माणसांसाठी असतो.

लाईट जाऊन परत आली की काय व्हावं, हे प्रत्येक मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. काही मॉड्यूल्स मुळात 'चालू' वर लावलेली असतात; मग पहाटे तीनला लाईट आली की हॉलमधले दिवे आणि गिझर आपोआप सुरू होतात. गिझर आणि मोटरला 'बंद', दिव्यांना 'आधी होतं तसं' असं लावा. राउटर इन्व्हर्टरवरच हवा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो.

६. पाण्याची मोटर

एकच गोष्ट स्मार्ट करायची असेल तर मी मोटर सांगेन. नळाला पाणी ठरावीक वेळेला येतं, हौद भरतो, वरची टाकी भरायची राहते किंवा वाहते. घरातल्या एका माणसाची सकाळ त्यातच जाते.

सापळा असा की लोक १ एचपीची मोटर थेट स्मार्ट प्लगवर लावतात. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यात आतल्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मोबाइलवर 'बंद' दिसत असताना मोटर चालूच राहते. मोटरला कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा स्विच, तो एका छोट्या कॉइलनं चालतो) किंवा स्टार्टर ठेवा आणि स्मार्ट मॉड्यूल फक्त त्याच्या कॉइलला जोडा. सोबत ड्राय-रन संरक्षण हवं, म्हणजे हौद रिकामा झाला की मोटर कोरडी फिरत नाही.

पातळी मोजायला टाकीत सोडायच्या सळयांचे सेन्सर स्वस्त पडतात, पण जत-आटपाडीकडच्या किंवा कुठल्याही जड बोअरच्या पाण्यात त्यांच्यावर क्षार चढतात आणि ते चुकीचं दाखवायला लागतात. तिथं फ्लोट किंवा वरून मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या. टाकी ते हौद हा पायरी २ मधला पाइप यासाठीच. मोटरजवळ हाताचं बटण ठेवायला विसरू नका.

७. सोलर आत्ता नको असेल तरी जागा ठेवा

फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान ठरवलं गेलं. ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते, म्हणून पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेकडे ढकलता आली तर बघा. सोलरचं अर्थिंग वेगळं लागतं, त्याची जागा अंगणात फरशी व्हायच्या आधी ठेवा. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाईट गेल्यावर बंद पडतं. त्यानं इन्व्हर्टरची गरज संपत नाही.

८. कुलूप, कॅमेरे, सेन्सर

स्मार्ट कुलूप घ्यायचं असेल तर सुताराला दार करायच्या आधी सांगा. दाराची जाडी आणि कडेपासूनचं अंतर कुलपाच्या मापात बसावं लागतं. महाबळेश्वर, मेढा, पाटणच्या बाजूला पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि कुलपाची जीभ चौकटीच्या भोकात शिरत नाही. हातानं दार ढकलून किल्ली फिरवता येते, मोटरला ते जमत नाही. सुताराकडून फट थोडी जास्त ठेवून घ्या. खरी किल्ली असलेलंच कुलूप घ्या आणि एक किल्ली घराबाहेर विश्वासू माणसाकडे असू द्या.

कॅमेरे गेट, मागचं दार आणि गाडीची जागा यांच्यावर. शेजाऱ्यांच्या अंगणावर किंवा खिडकीवर रोख येऊ देऊ नका, बसवतानाच त्यांना बोलावून मोबाइलवर चित्र दाखवा.

गॅस गळतीचा सेन्सर सिलिंडरच्या घरात जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. पाइपचा गॅस हलका असतो, त्याचा सेन्सर छताजवळ. आज सिलिंडर आणि उद्या पाइप असं होणार असेल तर दोन्ही जागी पॉइंट ठेवा.

जिन्यात हालचाल ओळखणारा साधा सेन्सर पुरतो. बाथरूममध्ये तो लावला तर माणूस स्थिर असताना दिवा जातो. तिथं रडारवर चालणारा लागतो.

९. खरेदी करताना

दुकानदार एकाच कंपनीचं पूर्ण पॅकेज गळ्यात मारतो. घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: इंटरनेट बंद असताना घरातल्या घरात चालतं का? आणि कंपनीनं ॲप बंद केलं तर काय? वाय-फायची उपकरणं थोडी असतील तर ठीक. तीस-चाळीस बटणं करायची असतील तर झिग्बी (वाय-फायहून वेगळी, उपकरणांपुरती बिनतारी जोडणी) आणि ती सांभाळणारा एक हब बरा, राउटरवर ओझं येत नाही. २०२२मध्ये आलेल्या मॅटर या मानकाची खूण खोक्यावर असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालायची शक्यता बरीच वाढते. आवाजावर चालणारा स्पीकर घ्यायचा असेल तर दुकानात घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच दोन वाक्यं बोलवून बघा.

सुरुवात एका खोलीपासून करा. महिनाभर वापरा, मग पुढचं.

१०. कागदपत्रं, हत्यारं आणि ताबा

एका फाइलमध्ये हे असू द्या:

- आर्किटेक्टचा मूळ विद्युत नकाशा आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाप्रमाणे दुरुस्त केलेली प्रत
- गिलाव्याआधीचे फोटो, खोलीवार (मोबाइलशिवाय दुसऱ्या जागीही प्रत)
- परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. महावितरणच्या नव्या जोडणीलाही तो लागतो
- मंजूर भाराचा कागद. एसी, गिझर, मोटर, पुढेमागे गाडीचा चार्जर धरून भार मागा
- इन्सुलेशन आणि अर्थिंगच्या मोजमापांचा कागद
- उपकरणांची जीएसटीची बिलं आणि वॉरंटी कार्डं

घरात टेस्टर, साधा मल्टीमीटर, मेजर टेप आणि लेबल चिकटवायच्या पट्ट्या ठेवा. वायरमनचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यासमोर डीबीतली एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा आपोआप पडणारा स्विच) पाडून कुठलं काय बंद होतं ते बघा आणि तिथल्या तिथं मराठीत लेबल लावा: 'वरची बेडरूम', 'ओट्याचे प्लग', 'मोटर'.

उपकरणं बसवणारा माणूस बहुतेकदा स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडून सगळं जोडून देतो. तसं करू देऊ नका. खातं तुमच्या ईमेलवर, जोडणी तुमच्या मोबाइलवरून, आणि तो गेल्यावर त्याच दिवशी राउटर आणि कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदला. पाहुण्यांसाठी वाय-फायचं वेगळं नाव काढा. घरातल्या निदान दोघांच्या मोबाइलवर पूर्ण अधिकार ठेवा, म्हणजे एकाचा फोन हरवला तरी दुसऱ्याला गिझर बंद करता येतो.